थापाड्या आणि बारा एकर

पत्र असं आलंय. नावं काढून आणि थोडं आखडून देते.

“माझे साडू पाटण तालुक्यातले. माणूस दिलदार, पण थापा मारायची भारी सवय. कोयनेच्या भूकंपात आपला पाळणा आपोआप झुलत होता, असं ते रंगवून रंगवून सांगतात. आणि यांचा जन्म १९६९ चा! घरात आम्ही वीस वर्षं त्यांना तोंडावर थापाड्या म्हणतो, तेही हसतात. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला बघायला पुण्याहून पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला आणि साडू म्हणाले, ‘आमची बारा एकर बागायत आहे.’ चौघा भावांत मिळून बारा एकर. यांच्या वाट्याला तीन, त्यातही विहिरीचं पाणी पोचतं एकरभराला. मला राहवलं नाही. हसत हसत म्हणालो, ‘आमचा साडू म्हणजे पहिल्यापासून थापाड्या!’ सगळे हसले, पाहुणेही हसले. चौथ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला, पत्रिका जुळत नाही. मग कानावर आलं की मुलाचे वडील म्हणाले, ‘भामटे लोक आहेत.’ आता साडू बोलत नाहीत, मेव्हणी रडते, बायको म्हणते माफी मागा. पण मी खोटं काय बोललो? थापाड्या म्हणजे खोटारडा का? आणि माफी मागायची ती काय खरं बोलल्याची? – एक साडू, कराड.”

साडूभाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी हसले. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की यात जमीन आहे, भूकंप आहे, विहीर आहे, पोहेसुद्धा आहेत. पण जिच्यासाठी हे सगळे जमले होते त्या पोरीबद्दल एक ओळ नाही. ती चहा देऊन आत गेली ती तुमच्या पत्रात पुन्हा बाहेर आलीच नाही. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी तुमचा शब्द.

‘थाप’ हा हाताचा शब्द. ढोलकीवर पडते ती थाप, पाठीवर शाबासकीची पडते ती थाप, आणि भाकरी करायची तीही थापूनच. कधी परातीजवळ बसून बघा. मुठीएवढा गोळा कोरड्या पिठावर ठेवायचा, तळहाताने थापत थापत फिरवायचा. बघता बघता तो परातभर होतो. पीठ तेवढंच असतं. एक चिमूट वाढलेलं नसतं, फक्त पसरलेलं असतं. ही काही व्युत्पत्ती नव्हे, नाहीतर कोशवाले माझा कान धरतील. पण कुणी थापा मारायला बसला की मला ती परात दिसते खरी.

त्यातली वरची जात म्हणजे लोणकढी थाप. लोणी कढवून नुकतं केलेलं तूप ते लोणकढं. लोणी आधी फसफसतं, मग तडतडतं, मग एकदम गप्प होतं आणि वर स्वच्छ, पातळ, वासाचं तूप दिसायला लागतं. लोणकढी थापही तशीच, समोरच्या समोर कढवलेली, ताजी आणि गुळगुळीत. शिळ्या थापेला लोणकढी म्हणत नाहीत. म्हणजे तुमच्या साडूंचा पाळणा आता लोणकढीत मोडत नाही. वीस वर्षं तुम्ही तो ऐकताय.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, थापाड्या म्हणजे खोटारडा नव्हे. खोटारड्याला काहीतरी लपवायचं असतं, थापाड्याला काहीतरी दाखवायचं असतं. खोटारड्याचं बिंग फुटलं की तो चिडतो. थापाड्याला पकडलं की तो टाळी मागतो आणि पुढची थाप सुरू करतो. आमचे एक मामा होते तसे. त्यांची गोष्ट ऐकायला आम्ही भावंडं अंथरुणं घालून तयार असायचो, आणि ती खरी नाही हे आमच्यातल्या सगळ्यात धाकट्यालाही माहीत असायचं. फसतं कोण? कुणीच नाही. ऐकणाऱ्याची संमती असल्याशिवाय थाप रंगत नाही. म्हणून तर हा शब्द घराघरांत लाडाने चालतो.

बढाईखोर वेगळा. तो फक्त स्वतःची उंची वाढवतो. (‘खोर’ फारसीतून आलेलं, म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, बढाईखोर बढायांवर जगतो.) चांगला थापाड्या स्वतःची फजितीही तितक्याच रंगात सांगतो. बोलघेवडा आणखी वेगळा, तो आश्वासनं देतो आणि ऐन वेळी फोन उचलत नाही. हल्लीची मुलं या सगळ्यांना मिळून ‘फेकतोय’ म्हणतात, मुंबईकडे बोलबच्चन आणि बंडलबाज म्हणतात. बरं झालं तुमच्या तोंडून त्यातलं काही निघालं नाही.

पण त्या दिवशी साडूंनी जे केलं ती थाप होती का? मला नाही वाटत, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे.

आधी भूकंप घेऊ. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. साडू १९६९ चे. हिशेब तुमचा बिनचूक आहे. पण त्या पट्ट्यातल्या घराघरात त्या पहाटेची एकेक गोष्ट आहे. माणसं गेली, घरं पडली, थंडीत लोक उघड्यावर निजले. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी ते मुलांना सांगितलं, आणि मुलं ते ऐकतच वाढली. चार भाऊ आहेत म्हणता. मग पाळणा त्या घरात खरंच झुलला असेल, फक्त आत त्या पहाटे एखादा थोरला भाऊ असेल. आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेली गोष्ट, आणि साडू हळूच तिच्यात जाऊन निजले.

आता बारा एकर घ्या. पुन्हा तेच! बारा एकर आहेत. हवेतून काढलेले नाहीत. चौघा भावांचे आहेत, आणि साडू म्हणाले ‘आमची’. ‘माझी’ म्हणाले नाहीत. आपल्याकडे हा ‘आमची’ फार लवचिक असतो. आमची विहीर, आमचा वाडा, आमचे आमदार. वाटण्या कागदावर चढल्या नसतील तर त्या बारा एकरांच्या सातबाऱ्यावर साडूंचं नाव आजही असेल, बाकी तिघांच्या नावांसकट. म्हणजे बारा हा आकडा खोटा नव्हता आणि खराही नव्हता. ‘बागायत’ हा शब्द मात्र सरळ सरळ खोटा. एकरभराच्या पाण्यावर बारा एकर भिजत नाहीत, ते तुम्हाला कळतं आणि त्यांनाही.

याला मराठीत नेमका शब्द आहे. हूल. पत्त्यांत हातात दुरी-तिरी असताना एखादा तोंड न हलवता चाल वाढवतो, त्याला पोरं ब्लफ म्हणतात. मैदानावर आपण कधीपासून हूल म्हणतोय. कबड्डीत चढाईला गेलेला डावा पाय पुढे टाकतो, बचाववाला त्या पायाकडे झेपावतो, आणि तोवर हा उजवीकडे वळून हात लावून मध्यरेषेवर परत. त्याला कुणी लबाड म्हणत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. थाप ऐकून समोरचा हसला की काम झालं. हुलीचं तसं नाही, तिच्यामुळे समोरच्याने एक पाऊल चुकीचं टाकायला हवं असतं. नाहीतर ती हूल फुकट. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आणि गंमत बघा, हूल देणाऱ्या माणसासाठी थापाड्यासारखा तयार शब्द रोजच्या मराठीत नाही. म्हणूनच बहुधा तुमच्या जिभेवर जवळचा होता तो आला.

लग्नाच्या बैठकीत दोन्ही बाजू हूल देतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या पाहुण्यांनी मुलाचं पॅकेज सांगितलं असेल. कंपनी भरते तो पीएफ, मिळेल न मिळेल तो बोनस, सगळं त्यात धरून. हातात पडतो तो आकडा कुणी सांगत नाही. ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ म्हणजे बँकेचा फ्लॅट, वीस वर्षांच्या हप्त्यांवर. पुण्यात म्हणजे नक्की कुठे, हे विचारलं की गाडी चाकणच्या पुढे जाते. त्यांच्या बाजूने कुणी हसत म्हणालं का, ‘आमचा भाऊ म्हणजे पहिल्यापासून थापाड्या’? नाही म्हणालं. आणि तुम्ही आपल्याच संघाचे असून ‘अरे, ही हूल आहे!’ म्हणून ओरडलात.

थांबा, म्हणजे साडूंचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मुळीच नव्हतं. पोरीच्या सासरी जमिनीचा चुकीचा आकडा पेरून ठेवायचा, आणि पुढे कुठल्याशा भांडणात तो तिच्या तोंडावर फेकला जायचा, यात बापाचं काय जातं? भोगते ती. शिवाय हल्ली गट नंबर ठाऊक असला तर सातबारा फोनवर दिसतो. त्यावर एकरही नसतात, हेक्टर आणि आर असतात. तीन एकर म्हणजे जेमतेम १ हेक्टर २१ आर. पुण्याचा माणूस चहा संपायच्या आत ते बघू शकतो. हूल टिकणारी नव्हतीच. तुम्हाला टोचलं ते बरोबरच टोचलं.

चुकलं ते शब्दात, आणि शब्दाच्या व्याकरणात. हसू नका, खरंच व्याकरणात.

‘ही थाप आहे’ म्हणालं की एका वाक्याबद्दल बोलणं झालं. थापाड्या म्हणालं की अख्ख्या माणसाबद्दल. त्या दिवशी साडू जमिनीखेरीज बरंच काही बोलले असतील. मुलगी काय शिकली, कुठे नोकरी करते, तिचं वय, घरातली दुखणीखुपणी. तुमच्या एका शब्दाने ते सगळं थापांत जमा झालं. पाहुण्यांनी परतीच्या वाटेवर, खंबाटकीच्या बोगद्यात म्हणा, नेमकं हेच केलं असणार: बारा एकर खोटे, तर बाकीचं कशावरून खरं? बारा एकरांवर तुम्ही बोललात आणि पोरीची डिग्री संशयात गेली.

दुसरं. रडका-रडक्या, हावरा-हावऱ्या, चोंबडा-चोंबड्या, थापाडा-थापाड्या. शेवटचा ‘या’ बघा. गण्या आणि पक्यामध्ये जो आहे तोच. हे चाळीतल्या, आळीतल्या, आपल्या माणसांतल्या हाकेचं रूप. त्यात मायाही आहे आणि टपलीही. घरात ते चालतं, कारण घरात टपली मारणाऱ्याला उलट टपली मारता येते. तुमची बायको दाजींना म्हणत असेल तर बहुधा असं म्हणते: ‘दाजी, तुम्ही म्हणजे ना, थापाडेच!’ अहोजाहो तसंच राहतं आणि चेष्टाही होते. तुम्ही एरवी साडूंना काय म्हणता? ‘तुम्ही’ म्हणत असणार, वयाने ते मोठे वाटतात. मग होणाऱ्या व्याह्यांसमोर, त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच पोरीच्या बैठकीत तुम्ही त्यांना एकेरीवर आणलंत. ‘आमचा साडू’, ‘थापाड्या’. वीस वर्षं हसणारा माणूस आता का बोलत नाही, याचं उत्तर मला तरी त्यात दिसतं. शब्द तोच होता. ऐकणारे बदलले होते.

आता तो दुसरा शब्द, भामटा. मुलाच्या वडिलांच्या नावावर तो तुमच्या कानावर आलाय. कुणाकडून आलाय ते आधी बघा. गावात अशा कंड्या पिकवायला वेळ लागत नाही, आणि तुम्ही जिला पुरावा समजताय ती एखाद्याची लोणकढी असू शकते. पण समजा ते म्हणाले. तर अर्थाने तो शब्द इथे बसतच नाही. भामटा तुमचं पाकीट घेऊन जातो, साडूंनी कुणाचं काही घेतलेलं नाही. आणि अर्थ बसला असता तरी मी तो वापरू नये म्हणेन. राजपूत भामटा नावाची माणसं महाराष्ट्रात आहेत, विमुक्त जातींच्या यादीत आहेत. १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी देशभरातल्या कितीतरी जमातींवर जन्मतःच चोर असल्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला, पण शिवी आपल्या बोलण्यात राहिली. जातीचं नाव शिवी म्हणून वापरलं की काय होतं, ते त्या घरातल्या शाळकरी मुलाला विचारा. मीही हा शब्द तरुणपणी सर्रास वापरलाय. आता तोंडात आला तर गिळते.

आणि ‘पत्रिका जुळत नाही’? साडूभाऊ, मराठी मुलखातली ही सगळ्यात सभ्य थाप. मुलगी पसंत नाही, घर पसंत नाही, दुसरीकडे बरं स्थळ आलं, मुलाचं कुठेतरी आधीच जमलंय, सगळ्यांवर हा एकच लेप. तुमच्याही घरातून कधीतरी गेला असेल. हे म्हणणाऱ्याला आजवर कुणी थापाड्या म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट म्हणायलाच हवं म्हणून म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या पोरीला बोल लागत नाही. तेव्हा स्थळ तुमच्याच शब्दामुळे मोडलं की आणखी कशामुळे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसू नका. अंग काढूनही घेऊ नका.

माफीचं म्हणाल तर, मागा. फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर हात जोडलेल्या चित्रांनी तर नकोच. घरी जा, बायकोला बरोबर घ्या. ‘मी गमतीत म्हणालो’ हे वाक्य कराडलाच ठेवून जा. ते ऐकलं की समोरच्याला वाटतं आता दुखणंही आपलंच आणि विनोद न कळल्याचा दोषही आपलाच. साधं म्हणा: ‘परक्यांसमोर तुम्हाला एकेरीवर आणलं, ते माझं चुकलं.’ पुढे जमलं तर हेही म्हणा: ‘आकडा मला अजून पटलेला नाही, पण तो तुम्हाला आत बोलावून सांगायला हवा होता.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. खरं बोलल्याची माफी तुम्हाला कुठेच मागावी लागत नाही.

त्या क्षणी काय म्हणता आलं असतं, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगते, कारण असे प्रसंग परत येतात. म्हणता आलं असतं, ‘साडू चौघा भावांचं मिळून सांगतायत हो, यांच्यात अजून घर एकत्र आहे.’ बस. पाहुण्यांनी मनातल्या मनात बाराला चाराने भागलं असतं, साडूंनी तुमच्याकडे एकदा रागाने बघितलं असतं, आणि चहाचा दुसरा कप आला असता. आणि घर एकत्र आहे हे ऐकून एखाद्या व्याह्याला बरंच वाटतं.

आता ती पोर. साडूंशी बोलणं झालं की तिच्याशी वेगळं बोला. मावशीचे यजमान म्हणून तुमचा तेवढा हक्क आहे. तिच्या बैठकीत तुमच्यामुळे हशा झाला, आत दाराआड उभी राहून तिने तो ऐकला असणार. तिला विचारा, तो मुलगा तिला आवडला होता का. आवडला असेल आणि साडूंची हरकत नसेल, तर मध्यस्थांकडे खरा आकडा जाऊ द्या, तीन एकर, एकरभर पाण्याखाली, बाकी जिरायत. सोबत तिच्या शिक्षणाचे कागद, न मागता. पुढचं त्यांच्यावर. आणि ‘नकोच होता तो’ असं ती म्हणाली, तर तुम्ही नकळत तिचं एक काम केलंत. पण हे तिच्या बापासमोर बोलू नका, निदान या वर्षी तरी.

आणि हो, तिथे बसल्यावर गोष्टी निघतीलच. साडूंनी पुन्हा भूकंप काढला तर १९६९ चा विषय काढू नका. पाळणा कुठे टांगलेला होता ते विचारा. त्यांचे थोरले भाऊ तिथे बसलेले असतील तर उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या.